मागच्या बाकावरचे मामा

आमच्या लग्नात गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं" असं पुन्हा पुन्हा पुकारलं, आणि प्रत्येक वेळी मुलीचे मामा जीपखाली होते.

जीप माझ्यासाठीच आणलेली. लग्न पाटणला होतं. स्टँडपासून मांडवापर्यंत नवरदेवाला मिरवत न्यायचं म्हणून मामांच्या गावचा सदा आपली जीप झेंडूच्या माळा घालून घेऊन आला होता. धरणाच्या कामावरून निकालात निघालेली ती जीप. सदा एरवी तिच्यातून हिरडा, माणसं आणि शेळ्या एकाच वेळी वाहायचा. मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभा. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटायला लागलेल्या. शेवटी एका ताशेवाल्यानं वाकून बघितलं आणि ओरडला, "ह्ये काय, हितं हायत!" मग दोघांनी पाय धरून मामांना बाहेर ओढलं. पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, फेट्यावर ग्रीस, आणि उजव्या हाताची चार बोटं काळीकुट्ट. त्याच हातानं त्यांनी भाचीचा दंड धरला आणि तिला बोहल्यावर आणून उभं केलं. शालूवर ती चार बोटं अजून आहेत. रॉकेलचे बोळे फिरवून झाले, सांगलीतल्या धोब्यानं हात टेकले, आता आम्ही ती नक्षी समजतो.

हार पडले, वाजंत्री सुटली. त्या गोंगाटात मामा माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आता भाचीला सांभाळा वगैरे म्हणणार. मी चेहरा तसा करून ठेवला.

"जावईबापू, त्या जीपमदी म्होरं बसला हुता का मागं?"

"पुढं."

"मग तुमाला काय इचारायचं!" असं म्हणून ते पंगत बघायला निघून गेले.

हा माणूस थोडा वेडा आहे, असं माझं त्या दिवशी मत झालं. पुढं ते बदललं असं नाही. फक्त त्या वेडाला आतून रस्ते होते, ते एकेक करून दिसत गेले.

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या आईचे भाऊ. गाव पाटणच्या वर डोंगरात. उभी हयात फौजेत ट्रक चालवण्यात गेली; बर्फातले, वाळूतले, रस्ता नावाचा प्रकारच नसलेले मुलूख त्यांनी पालथे घातलेले. पेन्शनीत आले तेव्हा मिशी पांढरी झाली होती आणि बोलण्यात "बराबर" आणि "रिपोट" हे दोन शब्द कायमचे राहिले होते. असा माणूस गावी आल्यावर स्टिअरिंग सोडणार नाही असं कुणालाही वाटेल. मामा स्टिअरिंगला शिवत नसत. एसटीत बसायचे तेही अगदी शेवटच्या बाकावर, मागच्या चाकाच्याही मागं. बरं, बसून गप्प राहावं. तर खांद्यावरचा टॉवेल काढून डोळ्यांवर घट्ट बांधायचे. नवा कंडक्टर असला की त्याला वाटायचं, पेशंट आहे. तो हळू आवाजात विचारायचा, "बाबा, डोळ्याचं आपरेशन का?"

"न्हाई रं. रस्ता बघतोय," मामा म्हणायचे.

मी त्यांना या टॉवेलाबद्दल विचारलं होतं. मला तेव्हा सगळ्याचीच चौकशी करायची खोड होती. कचेरीत कारकून असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ते म्हणाले, "डोळं उघडं असलं की खड्डा आदी डोळ्यास्नी दिसतो. मग कंबर सावध हुती, पाय रुततात. धक्का निम्मा तिथंच मरतो. खरा धक्का बघायचा तर डोळं बांधून बसाय पायजे, जावईबापू. आन हाकणाऱ्याला तर कंदीच इचारू नगा. त्याच्या हातात चाक असतंय. त्याला कायबी लागत न्हाई."

त्यांच्या लेखी जगात गाड्या दोनच जातीच्या: हाकणाऱ्याच्या आणि बसणाऱ्याच्या. पहिली हाताला हलकी, वळणावर शहाणी, पण मागच्याचे दात खिळखिळे करणारी. दुसरी मागच्याला गादी, पण पुढच्याच्या खांद्यातून घाम काढणारी. दोन्ही सुखं एका गाडीत कधी नांदत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माणसांचंही ते असंच वर्गीकरण करायचे. "तुमचा सासरा हाकणाऱ्यातला. तुमी बसणाऱ्यातलं." मी काही दिवस हे कौतुक समजत होतो. मग एकदा बायकोनं विचारलं, "तुम्हाला नक्की काय वाटतंय, ते चांगलं म्हणाले?"

गाड्यांवरचे त्यांचे शेरे तालुक्यात फिरत असत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल: "ती ट्रॉली न्हवं, चाळन हाय. वरनं माणूस घाला, खालनं पीठ गोळा करा." तीन चाकी टेंपोबद्दल: "म्होरं चाक एक, मागं दोन. तिघांचं पटत न्हाई." रबरी टायरच्या बैलगाडीबद्दल मात्र आवाज मऊ व्हायचा: "धक्का मोठा, पर बैल आदी थबकतो. सांगून येतोय बिचारा." आणि जीपबद्दल: "रिकामी असली की शेळी, भरली की म्हस." त्याचा अर्थ मला पुढं माझ्या माकडहाडानं समजावून सांगितला.

या सगळ्या उद्योगामागं मामी होत्या, आणि हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मामा पेन्शनीत आले त्याच वर्षी सोसायटीची जीप चालवत ते मामींना बाजाराहून घरी आणत होते. मामी मागं, आडव्या बाकावर. पावसानं रस्त्यात ओघळ पाडली होती, तिच्यावरून चाकं गेली. मामी उसळून खाली आल्या त्या मणक्यावर. मामांना पत्ताच नाही. घराशी येऊन त्यांनी मागं वळून बघितलं तर मामींना उतरता येईना. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं, चालू-फिरू शकतील, पण पाठीला धक्का लागता कामा नये. तेव्हापासून मामी घरात भिंतीला हात लावून हिंडायच्या, उभ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून मामांनी घातलेल्या उंच ओट्याशी उभ्या राहायच्या, आणि साऱ्या गावाची खबर चुलीशी राहून ठेवायच्या. गाडीत मात्र चढल्या नव्हत्या. मामांनी चढू दिलं नव्हतं.

मामींचं माहेर खाली, आष्ट्याच्या पुढं, कृष्णेच्या काठच्या काळ्या रानात. तिथं त्यांची आई होती, फार थकलेली. आमच्या पहिल्या दिवाळीच्या आधी भावाचा निरोप आला: म्हातारीला आता दिसत नाही. म्हणते, डोळ्यांनी नाही तर नाही, भाऊबीजेला लेकीचं तोंड हाताला तरी लागू दे.

मामांनी माझ्या दिवाळसणातले चार दिवस सासऱ्यांकडून मागून घेतले आणि आम्हा दोघांना वर गावी नेलं. मला वाटलं, भाचजावयाचं कोडकौतुक. पहिल्या सकाळी अभ्यंगस्नान झालं, फराळाचं ताट आलं, आणि ताट रिकामं व्हायच्या आत दारात बैलगाडी आली.

"चला. मागं बसा."

"कुठं जायचंय?"

"कुटंबी न्हाई. वड्यापातूर जाऊन यायचं."

मी बैलगाडीत बसून ओढ्यापर्यंत गेलो आणि आलो. मामांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "छान." मग ट्रॉली आली. तिच्यातून उतरलो तेव्हा चकलीचा एक तुकडा कुठल्या दातात होता ते सांगता येत नव्हतं. "ठीक आहे," मी म्हणालो. मग सदाची रिकामी जीप. एका उताराला मी बाकावरून उठलो आणि बाक खालून पुढं निघून गेल्यासारखं वाटलं. "चालेल की," मी म्हणालो.

मामा बांधावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"जावईबापू, तुमाला हितं कशाला आनलंय?"

"दिवाळसणाला."

"त्ये हायच. पर गावात मला खरं कोन सांगंल? ह्या सदाला मागं बसवलं तर त्यो म्हननार लय ब्येस, गाडी त्येचीच. बाकीच्यास्नी बसवलं तर कुनाला माजी भीड, कुनाला सदाची. हितं कुरकूर करायचा हक्क एकट्या जावयाला. त्येला मानच हाय तसला! आन तुमी म्हनताय छान?" मग सदाकडं वळून खिन्नपणे, "माजा थोरला साडू बग. ताटात मीठ उजव्या बाजूला वाढलं म्हनून पाटावरनं उठून ग्येला हुता. तसला मानूस आज पायजे हुता."

घरी आल्यावर त्यांनी माझ्या देखत भाचीला विचारलं, "तुज्या नवऱ्याला रुसता येत न्हाई का गं?"

"येतं की," ती म्हणाली. "घरी रोज येतं. इथं लाजतायत."

ओट्याशी उभ्या असलेल्या मामी हसता हसता पाठ धरून थांबल्या. त्या तशा थांबल्या की मामांचंही हसणं थांबायचं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जीप निराळीच होऊन आली. मागचे बाक काढलेले, तळाला नव्या भाताची पोती, त्यावर दोन गाद्या. चारही चाकांची हवा इतकी कमी केलेली की टायर पोट सुटल्यासारखे दिसत होते. मामांचं गणित असं: जीपच्या स्प्रिंगांचे पाटे वजन वाहायला घातलेले, रिकाम्यापणी ते हट्टी असतात. वजन घातलं की वाकतात. मग वरच्याला कमी लागतं.

"आडवं व्हा," ते मला म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

डोळे बांधल्यावर माणसाची भीड कुठं जाते, याचं मला आजही नवल वाटतं. समोरचा चेहराच दिसत नसेल तर मर्जी कुणाची राखणार? पहिल्याच खड्ड्याला माझ्या तोंडून असा आवाज निघाला की तो माझा आहे हे मला उशिरा कळलं.

"अहो मामा, माणूस आहे मी! पोतं आहे का?"

"शाब्बास!" मामा माझ्या कानाशी ओरडले. "बोला! कुटं लागलं?"

"माकडहाडाला! आणखी कुठं लागणार?"

"येकाच जागी का वरपातूर ग्येलं?"

"वर! मेंदूपर्यंत!"

"सदा, थांब रं. मागल्याची हवा आजून सोड. येक पोतं म्होरं घ्या."

दुपारपर्यंत हे चाललं. मी तक्रार करायची, मामांनी पोतं सरकवायचं. मी तर रंगातच आलो. कारकुनाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या तक्रारीची दखल घेत होतं. हळूहळू तक्रारी कमी झाल्या. शेवटच्या फेरीला बराच वेळ माझा आवाज आला नाही म्हणून मामांनी टॉवेल वर करून बघितलं. मी घोरत होतो.

"जावई झोपला!" असं त्यांनी वाटेतल्या प्रत्येक घराला ओरडून सांगितलं.

पण आमच्या त्या मिरवणुकीत सदाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गावात शिरतानाच्या वळणावर जीपचं मागचं अंग सरकलं, चाक गटारीत गेलं आणि ती तिरकी होऊन थांबली. मी गादीसकट मामांच्या अंगावर. सदा उतरला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"मामा, ही जीप हाय का गाभण म्हस? मी वळीवतोय आन ती सावकाश इचार करतीया. जड केली, चाकं मऊ केली, समदं मागच्याला. माज्या हातात काय ठेवलंसा? पाटणपातूर घाट हाय. मी न्हाई न्यायचो मामीस्नी. मला भ्या वाटतंय."

मामा त्याच्यावर रागावले नाहीत. चाकाजवळ बसून राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय तुजं."

संध्याकाळ झाली. मामा उंबऱ्यात बसलेले. परवा भाऊबीज. जीपची किल्ली सदानं कोनाड्यात ठेवलेली. मामी ओट्याशी पुऱ्या लाटत होत्या. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग फौजी मानसानं हाकावी की."

"कोन फौजी?"

"घरात येकच हाय."

"मी हाकत न्हाई. तुला ठावं हाय."

"ठावं हाय. का, त्ये न्हाई ठावं."

 आम्ही दोघं तिथंच होतो, पण त्यांना त्याचं भान नसावं. "त्या दिशी मी गात हुतो गं," ते म्हणाले. "तू मागं तसली पडलेली, आन मी घर येस्तवर गात हुतो."

मामींनी लाटणं ठेवलं. भिंतीला हात लावत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या.

"मी ऐकत हुते," त्या म्हणाल्या. "हाक मारायला त्वांड उघडलं बी हुतं. पर इतकी वर्सं तुमी सुट्टीला यायचा, चार दिस ऱ्हायचा, तवा बी मन तिकडंच. घरी आल्यावर गाताना कवा ऐकलं न्हवतं. म्हनलं, घर आलंच हाय, कशाला थांबवा. म्हनून गप बसले. तुमाला कसं कळंल?"

मामांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आवं, आईचं डोळं गेलं," मामी पुढं म्हणाल्या. "हात हायत तवर मला जायचंय. हाकताय का त्या ट्रॉलीत बसून जाऊ? जावयाला इचारून घेते कशी हाय."

मी घाईघाईनं म्हणालो, "भयंकर आहे." तोंडदेखलं न बोलायची सवय मला तोवर लागली होती.

मामांनी उठून कोनाड्यातली किल्ली घेतली.

भाऊबीजेला पहाट फुटल्यावर निघालो. सदानं जीप हवाली केली आणि हात जोडले. पुढं मामा आणि माझी बायको. मागं पोत्यांवर, गादीवर उशांच्या मध्ये मामी, आणि त्यांच्या शेजारी मी. मला का घेतलं होतं ते मामांनी स्पष्ट सांगितलं: "तेवढंच वजन." घाटात त्यांचे खांदे मागून दिसत होते. चाक ओढायचे, सोडायचे. जीप खरोखरच म्हशीसारखी सावकाश वळायची, पण वळायची. ते गात नव्हते. मागं बघतही नव्हते.

पाटण यायच्या आधी एका मोरीपाशी त्यांनी गाडी अचानक थांबवली.

"लागलं न्हवं?"

मी मामींकडं बघितलं. त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. मांडीला मांडी लावून मी बसलो होतो, मला काहीच जाणवलं नव्हतं. "लागलं जरा," मामी म्हणाल्या. मामांनी खाली उतरून उशी सारखी केली. कराडच्या पुढं तसंच पुन्हा झालं. या खेपेला मामींनी त्यांना विचारलं, "आवं, तुमाला कसं कळतंय?"

"न्हाई सांगता येत," मामा म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

मी पुढं कितीदा तरी त्यांना हा प्रश्न विचारला. कधी म्हणायचे, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबतात. कधी म्हणायचे, गाडीचं वजन बदलतं. एकदा तर चिडून म्हणाले, "तुमी चाळीस रुपयं भरून लायसन काडा, मग सांगतो." मी लायसन काढलं. त्यांनी सांगितलं नाही.

डांबरी रस्ता सोडल्यावर माहेरची वाट लागली. ऊसतोड सुरू झालेली, गाड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पडलेल्या. मला तर त्या वाटेची धास्तीच होती. पण मामींना एकदम बोलायचं सुचलं. ही विहीर, ही चिंच, हे कुणाचं रान, ह्या शेतात मी गवत कापताना विळा लागला होता. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. एका चाकोरीत त्यांचं वाक्य मधेच तुटून पुन्हा जुळलं; मामांनी गाडी आणखी हळू केली, पण थांबवली नाही.

दारात भाऊ उभा होता. मामी आपल्या पायांनी उतरल्या. माझा हात त्यांनी धरला खरा, पण भार टाकला नाही. सोप्यात वाळलेल्या पानासारखी म्हातारी बसली होती. मामी तिच्यापुढं टेकल्या, तिचे दोन्ही हात उचलले आणि आपल्या तोंडावर ठेवले. ती बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून गालांवर, हनुवटीवर आली आणि तिथंच राहिली.

"वाळलीस गं बाय," म्हातारी म्हणाली. मग, "वाटंत पाठीला लागलं का?"

"लागलं की, दोनदा," मामी म्हणाल्या.

मामा अंगणात पायांवर तांब्यानं पाणी घेत होते. ते मान वर न करता म्हणाले, "तीनदा."

मामींनी आईचे हात गालावर आणखी दाबून धरले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीनदा."